सहाशे भूमिका करूनही नाव का माहीत नसतं? जेम्स हाँग आणि चरित्र अभिनेत्याचं गणित

१० मे २०२२ रोजी हॉलिवूडच्या 'वॉक ऑफ फेम' या प्रसिद्ध फुटपाथवर जेम्स हाँग यांच्या नावाचा तारा बसला. तेव्हा ते ९३ वर्षांचे होते. हा मान मिळालेल्या कलाकारांत त्या दिवसापर्यंत तेच सर्वांत वयोवृद्ध. नाव वाचून अनेकांना काहीच आठवलं नाही, पण फोटो दिसताच ओळख पटली. 'कुंग फू पांडा'मधल्या नूडलवाल्या हंसाचा इंग्रजी आवाज यांचाच. 'ब्लेड रनर'मध्ये कृत्रिम डोळे बनवणारा म्हातारा हेच, आणि 'साइनफेल्ड'मध्ये टेबलासाठी ताटकळत ठेवणारा हॉटेलवालाही हेच.

सिनेमा, मालिका, कार्टून, व्हिडिओ गेम असं सगळं धरून त्यांची कामं सहाशेच्या वर भरतात. मग एवढं काम केलेला माणूस स्टार कसा झाला नाही, असा प्रश्न पडतो. पण सहाशे हा आकडाच त्याचं निम्मं उत्तर देतो. स्टार वर्षाला एखाद-दोन सिनेमे करतो, त्याच्या साठ वर्षांत सहाशे कामं बसतच नाहीत. एक दिवस इथे, तीन दिवस तिथे, मग आठवडाभर तिसरीकडे असं आयुष्यभर केलं तरच तो आकडा गाठता येतो. म्हणजे हा वेगळाच पेशा आहे, आणि त्याचे हिशेबही वेगळे आहेत.

चरित्र अभिनेता म्हणजे कोण?

हा शब्द थोडा फसवा आहे. मराठीत चरित्र म्हटलं की आपल्याला जीवनचरित्र आठवतं, आणि थोर माणसांच्या भूमिका करणारा नट असावा असं वाटतं. इथलं 'चरित्र' इंग्रजीतल्या 'कॅरेक्टर'वरून आलं आहे, म्हणजे ठळक स्वभावाचं पात्र. नायकाला लोक त्याच्या स्वतःच्या नावासाठी पाहायला येतात. चरित्र अभिनेता पडद्यावर येतो तो वकील, खानसामा, शेजारी, खलनायकाचा मुनीम किंवा आजोबा म्हणून, आणि आपलं नाव बाजूला ठेवून तेवढंच होऊन जातो.

जेवणाच्या ताटाची डावी बाजू डोळ्यांपुढे आणा: लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. चटणी खायची म्हणून कुणी जेवायला बसत नाही, पण ती बाजू रिकामी असेल तर पहिल्या घासालाच कळतं. शिवाय तिथे चूक करायला वाव नाही, कारण लोणच्यातलं जास्तीचं मीठ अख्ख्या जेवणाची चव घालवतं.

इंजिनिअरचा नट

हाँग यांचा जन्म १९२९ साली अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये झाला. वडिलांचं जडीबुटीचं दुकान होतं. लहानपणीची काही वर्षं हाँगकाँगमध्ये गेली, मग परत मिनिआपोलिस. कोरियन युद्धाच्या काळात ते लष्करात होते, आणि तिथे छावणीत करमणुकीचे कार्यक्रम करायचे. शिक्षण सिव्हिल इंजिनिअरिंगचं. ते लॉस एंजेलिसमधल्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात पूर्ण केलं आणि तिथल्याच काउंटीत रस्ते बांधणीच्या खात्यात नोकरी धरली. रजा टाकून शूटिंगला जायचे.

१९५४ मध्ये विनोदी नट ग्राउचो मार्क्स यांच्या टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत त्यांनी नामवंत नटांच्या नकला केल्या, खुद्द ग्राउचोंचीही केली, आणि लोकांना ती पसंत पडली. पुढच्याच वर्षी ते क्लार्क गेबल यांच्यासोबत 'सोल्जर ऑफ फॉर्च्युन'मध्ये दिसले. १९५६ मध्ये जपानी 'गॉडझिला'ची अमेरिकन आवृत्ती निघाली तेव्हा त्यातल्या जपानी पात्रांना इंग्रजी आवाज देण्याचं कामही त्यांनी केलं. इंजिनिअरिंग मागे पडलं ते पडलंच.

दोन मिनिटांत माणूस कसा उभा करतात?

या पेशातलं खरं कौशल्य इथे आहे, म्हणून जरा तपशिलात जाऊ.

छोट्या भूमिकेच्या नटाच्या हाती निवडचाचणीच्या वेळी बहुधा पूर्ण पटकथा येत नाही. त्याच्या प्रसंगाची दोन-चार पानं येतात. त्यावरून त्याला आधी हे शोधायचं असतं की आपलं पात्र कथेत ठेवलंय कशासाठी. माहिती पुरवायला, नायकाची वाट अडवायला, की नायकाचा खरा स्वभाव उघडा पाडायला? काम नेमकं कळलं की मगच त्याला माणसाचा चेहरा देता येतो.

'साइनफेल्ड' या विनोदी मालिकेचा २३ मे १९९१ रोजी दाखवलेला भाग घ्या. तिघं मित्र एका चिनी रेस्टॉरंटच्या दाराशी टेबलाची वाट पाहत उभे आहेत, आणि भाग संपेपर्यंत उभेच राहतात. हाँग यांचं पात्र तिथला व्यवस्थापक. काम एकच, वाट अडवणं. दर वेळी उत्तर तेच: पाच-दहा मिनिटं. इथे एखाद्या नटाने उर्मटपणा दाखवला असता. पण व्यवस्थापक उर्मट झाला तर भांडण पेटतं आणि गोष्ट तिथेच संपते. हाँग यांचा माणूस उर्मटही नाही आणि दिलगीरही नाही. त्याच्या दृष्टीने सगळं सुरळीत चाललं आहे. त्यामुळे समोरच्याला भांडायला जागाच उरत नाही, आणि चिडचिड आतल्या आत वाढत जाते. तिघांपैकी जॉर्ज कोस्टान्झासाठी फोन येतो तेव्हा हा मनापासून 'कार्टराइट, कार्टराइट' अशी हाक मारतो. त्या नावाचं कुणीच नसल्याने फोन हुकतो. शेवटी कंटाळून तिघं बाहेर पडतात, आणि मग हा त्यांचं नाव पुकारतो. एवढी छोटी भूमिका, पण अख्खा भाग तिच्यावर उभा आहे.

'ब्लेड रनर'मधलं (१९८२) काम माहिती पुरवण्याचं आहे. पळून आलेल्या कृत्रिम माणसांना आपल्या निर्मात्यापर्यंत पोचायचंय, आणि त्यासाठी पुढचं नाव या डोळे बनवणाऱ्या च्यूकडून काढून घ्यायचंय. कागदावर एवढंच. हा प्रसंग खऱ्या शीतगृहात चित्रित झाला, म्हणून तोंडातून निघणारी वाफ खरी दिसते. च्यूच्या अंगात नळ्या जोडलेला जाड फरचा कोट आहे. तो कोट फाडला जातो तेव्हा हाडं गोठवणारी थंडी आपल्यालाही जाणवते. हाँग यांनी त्या भीतीत एक गोष्ट मिसळली आहे: कारागिराचा अभिमान. जीव मुठीत असतानाही समोरच्याच्या डोळ्यांत पाहून ते आपल्याच हातचे आहेत हे तो ओळखतो, आणि ते सांगताना त्याचा आवाज क्षणभर सैल होतो. पुढचं नाव सांगून झालं की कथेला त्याची गरज उरत नाही. आपल्या मनात मात्र तो राहतो.

अभिनयाइतकीच महत्त्वाची असते तांत्रिक शिस्त. एकच प्रसंग आधी लांबून टिपला जातो, मग प्रत्येकाचे जवळचे शॉट वेगवेगळे घेतले जातात. पहिल्या शॉटमध्ये तुम्ही 'पाच' या शब्दाला मेन्यूकार्ड उचललं असेल, तर पुढच्या प्रत्येक वेळी त्याच शब्दाला तोच हात उचलला गेला पाहिजे. नाही तर संकलकाला दोन तुकडे जोडता येत नाहीत. मग तो सोपा मार्ग धरतो: कॅमेरा नायकाच्या चेहऱ्यावर ठेवतो, तुमचं वाक्य नुसतं ऐकू येतं आणि चेहरा सिनेमातून जातो. जमिनीवर चिकटपट्टीने केलेल्या खुणेपासून अर्धा फूट इकडेतिकडे उभं राहिलं तरी चेहरा धूसर येऊ शकतो. बरेचदा स्टारचे जवळचे शॉट आधी उरकतात. छोट्या नटाची पाळी येते तेव्हा दिवस कललेला असतो, युनिट दमलेलं असतं, आणि पहाटेपासून तयार बसलेल्या माणसाला पहिल्या इतक्याच ताजेपणाने तेच वाक्य दहाव्यांदा म्हणायचं असतं. हे ज्याला न चुकता जमतं त्याला पुन्हा बोलावणं येतं. हाँग यांना ते दशकानुदशकं येत राहिलं.

एवढे तयारीचे होते, तर मोठी भूमिका का मिळाली नाही?

इथे गुणवत्तेचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या उमेदीच्या काळात चिनी वंशाच्या नटासाठी हॉलिवूडमध्ये मोठी भूमिका लिहिलीच जात नव्हती. लिहिली गेली तरी ती गोऱ्या नटाला मिळायची. डोळ्यांच्या कडा चिकटपट्टीने ओढून, रंग लावून गोरा नट चिनी व्हायचा. १९३७ च्या 'द गुड अर्थ'मधलं चिनी शेतकरी जोडपं पॉल म्युनी आणि लुइझ रेनर यांनी साकारलं, आणि रेनर यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं.

हाँग यांनी हे अगदी जवळून पाहिलं. १९५७ मध्ये सुरू झालेल्या चार्ली चॅन या चिनी गुप्तहेराच्या मालिकेत ते मुलगा झाले होते. बाप, म्हणजे खुद्द चार्ली चॅन, झाला होता आयरिश वंशाचा अमेरिकन नट जे. कॅरल नेश. एकाच चौकटीत चिनी मुलगा खरा आणि चिनी बाप रंगवलेला! आणि त्या काळी हे कुणाला विशेष खटकतही नव्हतं.

म्हणून हाँग यांच्या बाबतीत 'चरित्र अभिनेता' हा शब्द एकाच वेळी दोन गोष्टी सांगतो. तो त्यांचा हुन्नर होता आणि त्यांना वर जाऊ न देणारं छतही होतं. अनेक गोरे चरित्र अभिनेते आपल्या चेहऱ्यामुळे किंवा आवडीने या वाटेला गेले. हाँग यांच्यापुढे दुसरी वाटच नव्हती.

मग त्यांनी साचेबंद भूमिका नाकारल्या का नाहीत?

हा आक्षेप वाजवी आहे. धोबी, खानसामा, हेर, गुंड, मोडकं इंग्रजी बोलणारा दुकानदार अशा भूमिका त्यांनी भरपूर केल्या. अमेरिकेत जन्मलेल्या माणसाला परक्या वळणाचे उच्चार मुद्दाम करायला लावले जात.

साचा फक्त वंशाचाच असतो असं नाही. आपल्याकडे जगदीश राज यांनी १४४ सिनेमांत पोलिसाची भूमिका केली आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. निर्मात्याला जोखीम नको असते. जो वर्दीत शोभलाय त्यालाच तो पुन्हा बोलावतो. फरक एवढाच, की जगदीश राज यांच्या साच्यामुळे एखाद्या अख्ख्या समाजाविषयी चुकीची समजूत पसरत नव्हती.

भूमिका नाकारायला दुसरी भूमिका हातात असावी लागते. ती नव्हती, तेव्हा हाँग यांनी दोन गोष्टी केल्या. मिळालेल्या साच्यात कारागिराच्या अभिमानासारखं काहीतरी माणसाचं भरायचं, ही पहिली. दुसरी जास्त महत्त्वाची. १९६५ मध्ये अभिनेते माको आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये 'ईस्ट वेस्ट प्लेयर्स' ही नाट्यसंस्था काढली. सुरुवात चर्चच्या तळघरात झाली आणि पहिलं नाटक होतं 'राशोमोन'. आशियाई वंशाच्या नटांना इथे राजा, कवी, प्रियकर, सगळं होता येत होतं. संस्था आजही चालू आहे. सिनेमात न मिळालेली तालीम नटांच्या पिढ्यान्पिढ्यांना तिथे मिळाली. माझ्या मते त्यांच्या सहाशे भूमिका एका पारड्यात आणि ही संस्था दुसऱ्या पारड्यात घातली तरी काटा मध्ये राहील.

एक मोठी भूमिका मात्र त्यांना मिळाली. जॉन कार्पेंटर यांच्या 'बिग ट्रबल इन लिटल चायना'त (१९८६) ते लो पॅन हा मांत्रिक खलनायक झाले, तोही दोन रूपांत: खुर्चीत खिळलेला जख्ख म्हातारा आणि ताठ उभा राहणारा भव्य मांत्रिक. सिनेमा तिकीट खिडकीवर आपटला आणि पुढे व्हिडिओ कॅसेटच्या काळात घराघरात पोचला.

एवढं काम म्हणजे पैसा बक्कळ असेल?

बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. हाँग यांची वैयक्तिक मिळकत हा आपला विषय नाही, पण या पेशातले दर जाहीर असतात आणि ते पाहण्यासारखे आहेत.

अमेरिकेत नटांची संघटना आहे, सॅग-आफ्ट्रा. ती निर्मात्यांशी करार करून किमान मजुरी ठरवते. रोजंदारीवरच्या बोलत्या भूमिकेचा किमान दर नटांच्या २०२३ च्या संपाआधी दिवसाला १,०८२ डॉलर होता. संपानंतरच्या करारात तो टप्प्याटप्प्याने वाढून १ जुलै २०२५ पासून १,२४६ डॉलर झाला. रुपयांत हा आकडा डोळ्यांत भरतो, पण ही रोजंदारी आहे हे विसरू नका. महिन्यात दोन दिवस काम मिळालं तर मजुरीही दोनच दिवसांची. त्यातूनही एजंटचे १० टक्के, मग कर.

त्यात अमेरिकेतला दवाखान्याचा खर्च. संघटनेच्या योजनेतून आरोग्य विमा मिळतो, पण त्यासाठी वर्षाला ठराविक कमाई दाखवावी लागते. २०२३ मध्ये ती मर्यादा २६,४७० डॉलर होती. १,०८२ ने भागून पाहा: किमान दराने काम करणाऱ्याला वर्षात २५ दिवस मिळवावे लागत. ऐकायला सोपं वाटतं, पण संघटनेच्या बहुसंख्य सभासदांना तेवढी कमाई होत नाही. म्हणजे ओळखीचा चेहरा असूनही एखाद्या वर्षी विम्याला मुकावं लागतं.

तारून नेते ती दुसरी कमाई: पुनर्प्रक्षेपणाचा मोबदला. ऊस पिकवणाऱ्याला हे लगेच कळेल. लागण एकदा करायची, तोडणी झाली की त्याच बुडख्याला फुटवे येतात आणि खोडव्याचं पीक मिळतं, मग निडवा. दर फेरीला उतारा कमी, पण पुन्हा बेणं घालायचं नसतं. मालिकेचा भाग इतर वाहिन्यांना विकून पुन्हा दाखवला जातो तेव्हा नटाला दुसऱ्या खेपेला किमान दराच्या ४० टक्के मिळतात, तिसऱ्या खेपेला ३०, मग तीन खेपा २५, आणि असं उतरत तेराव्या खेपेपासून ५ टक्के. १९७४ च्या करारानंतरच्या मालिकांना हे कायमचं लागू आहे. त्याआधीच्या मालिकांना खेपांची मर्यादा होती. म्हणजे पन्नास-साठच्या दशकात ज्यांनी टीव्हीवर राबराब काम केलं, त्यांचा खोडवा ठराविक वर्षांत आटला. सहाशे कामांपैकी जुनी कामं पैशाच्या दृष्टीने कधीच सुकलेली असतात.

स्ट्रीमिंगने हे गणित आणखी बिघडवलं. तिथे कार्यक्रम सतत उपलब्धच असतो, त्यामुळे 'पुन्हा दाखवला' याच्या खेपा मोजायच्या कशा? हे २०२३ च्या संपाचं एक मोठं कारण होतं. तो १४ जुलैला सुरू झाला आणि ११८ दिवस चालला.

यंत्राने बनवलेला चेहरा

त्या संपाचं दुसरं कारण कृत्रिम बुद्धिमत्ता. स्टारचा चेहरा परवानगीशिवाय वापरला तर गवगवा होतो, वकील उभे राहतात. रोजंदारीवरच्या नटाचा चेहरा एका दिवसात सर्व बाजूंनी टिपून घेतला आणि पुढे त्याची हुबेहूब प्रतिकृती वापरली, तर दाद कुठे मागायची? नव्या करारात अशा प्रतिकृतीसाठी नटाची संमती आणि मोबदला बंधनकारक केला आहे. धोका टळला असं म्हणता येत नाही, कारण काम हवं असलेल्या माणसाची संमती किती मोकळी असते हा प्रश्न उरतोच. ज्याच्या पोटाला चेहरा आणि आवाज एवढंच भांडवल आहे, त्याच्यासाठी हे कलम दरवाढीपेक्षाही मोठं आहे.

ताऱ्यासाठी वर्गणी का काढावी लागली?

फुटपाथवरचा तारा हा सरकारी पुरस्कार नाही. हॉलिवूड चेंबर ऑफ कॉमर्स अर्ज मागवते, समिती निवड करते, आणि निवड झाल्यावर तारा बनवणं, बसवणं, देखभाल यासाठी शुल्क भरावं लागतं. ते बहुधा स्टुडिओ भरतो, कारण नव्या सिनेमाची जाहिरात आयती होते. चरित्र अभिनेत्याच्या मागे असा स्टुडिओ नसतो. म्हणून २०२० मध्ये अभिनेते डॅनियल डे किम यांनी हाँग यांच्यासाठी लोकवर्गणी सुरू केली. लागणारे ५५,००० डॉलर चार दिवसांत जमले. आपल्याला हा चेहरा माहीत आहे आणि त्याचं नाव कुठेतरी कोरलं जावं, असं वाटणारे लोक खूप होते.

नामावलीतली जागा

दुय्यम भूमिकांसाठी ऑस्कर १९३६ च्या सिनेमांपासून सुरू झालं. पहिली काही वर्षं त्यांना बाहुली मिळत नव्हती, नुसती पाटी मिळायची. बाहुली १९४० च्या दशकात आली. पहिल्या पाचपैकी तीन पुरस्कार वॉल्टर ब्रेनन या एकाच चरित्र अभिनेत्याने नेले. हाँग यांना ऑस्करचं नामांकन कधीच मिळालं नाही.

पण या पेशात मानाची आणखी एक मोजपट्टी आहे: नामावलीत नाव कुठे येतं. रोजंदारीवरच्या नटाचं नाव शेवटी, वेगाने सरकणाऱ्या यादीत येतं, लोक उठून जात असताना. त्यावरची पायरी म्हणजे सुरुवातीच्या नावांत जागा. आणि जुन्या, मुरलेल्या नटासाठी खास जागा असते ती त्या यादीच्या अगदी शेवटी, 'सोबत' किंवा 'आणि' हा शब्द लावून. यादीतला नंबर खालचा, पण मान वरचा. एजंट या एका शब्दासाठी आठवडे घालवतात.

२०२२ च्या 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स' या सिनेमाने सात ऑस्कर मिळवले. हाँग त्यात चाकाच्या खुर्चीतले आजोबा आहेत. पुढच्या फेब्रुवारीत नटांच्या संघटनेने सर्वोत्तम कलाकारसंचाचा पुरस्कार याच सिनेमाला दिला, तेव्हा व्यासपीठावर ९४ वर्षांचे हाँग बोलले. चिकटपट्टीने डोळे ओढणाऱ्या नटांचा काळ आणि 'द गुड अर्थ' यांची आठवण त्यांनी समोर बसलेल्या हॉलिवूडला करून दिली. 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर'च्या पोस्टरवर नायिका मिशेल यो यांच्यापासून नावं सुरू होतात, आणि अगदी शेवटी, जेमी ली कर्टिस यांच्या आधी, लिहिलं आहे: 'सोबत जेम्स हाँग'.